मेल कुठे थांबला आहे, ते पडद्यावर दाखवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर बाहेर जाणारे मेल रेंगाळू लागले तर संगणक पुसून सगळे नव्याने टाकावे, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर वाचला. मदतकेंद्रांना फोन केला की तिथेही हाच सल्ला मिळतो. तो घाईचा आहे आणि अनेकदा चुकीचाही आहे. तो मानून माझ्या एका अनुवादक मैत्रिणीचे जे नुकसान झाले ते भरून निघणारे नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटायचेच झाले तर माझी हकीकत काटा, पण उशीर कसा मोजायचा हा भाग कृपया राहू द्या.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. प्रुफांची पीडीएफ लेखकाला पाठवायची, दुरुस्त्या आल्या की त्या करून पुन्हा पाठवायची, शेवटची प्रत छापखान्याला द्यायची. सगळे मेलवर चालते. अपग्रेड झाले त्या दिवसापासून माझा एकही मेल लगेच जाईना. 'पाठवत आहे' एवढे दोन शब्द पडद्यावर येत आणि तिथेच राहत. बाकी सगळे सुरळीत होते. येणारे मेल पूर्वीसारखेच येत होते, संकेतस्थळे झटक्यात उघडत होती. जाणारा मेल हरवतही नव्हता, थोड्या वेळाने जात होता. काही मोडले असते तर निदान एखादा संदेश आला असता आणि तो कुणाला तरी वाचून दाखवता आला असता. नुसत्या उशिराचा संदेश कुणी लिहून ठेवलेला नसतो. तक्रार करणाऱ्याजवळ 'फार वेळ लागतो' याखेरीज सांगण्यासारखे काही नसते, आणि ऐकणाऱ्याला ती तक्रार मोघम वाटते.

माझ्या मेल सेवेच्या मदतकेंद्राने विचारले, इंटरनेट चालू आहे का? आहे म्हटल्यावर पुढचे उत्तर ठरलेलेच होते: मग दोष तुमच्या संगणकात, सिस्टीम नव्याने टाका. मैत्रिणीला तिच्या सेवेकडून हेच ऐकायला मिळाले आणि तिने ते मानले. तिचे खाते पॉप पद्धतीचे होते. मेल एकदा संगणकावर उतरला की सर्व्हरवर त्याची प्रत राहत नव्हती. मूळ लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, अनुवादाची परवानगी देणारी पत्रे, एकेका संदर्भावर चाललेल्या लांबलचक चर्चा, सगळे त्या संगणकातल्या फोल्डरांत होते. तंत्रज्ञाने कागदपत्रांची प्रत काढून ठेवली. मेलचे फोल्डर मात्र वेगळ्या, सहसा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असतात. ते राहून गेले आणि पुसले गेले. सिस्टीम नवी कोरी झाली, मेलचा उशीर होता तेवढाच राहिला. तो तिच्या संगणकात नव्हताच.

म्हणून माझे म्हणणे असे की काहीही पुसण्याआधी घड्याळ घेऊन बसावे. स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर दोन ओळींचा मेल पाठवा, फाइल न जोडता, आणि 'पाठवा' दाबल्यापासून तो आउटबॉक्समधून जाईपर्यंतचे सेकंद मोजा. मग दहा-बारा मेगाबाइटची फाइल जोडून तेच करा. दोन्ही वेळा सुरुवातीला सारखाच खोळंबा होत असेल, तर मजकूर निघण्याआधीच कुठेतरी वाट पाहिली जात आहे. फाइल मोठी तसा उशीर मोठा, असे असेल तर प्रश्न वर चढवण्याच्या (अपलोडच्या) वेगाचा आहे. आणि लहान मेल तत्काळ जातो पण मोठा थोडासा जाऊन ठार अडकतो, असे असेल तर दुखणे तिसरेच आहे. हे झाले की तोच मेल त्याच वायफायवरून, त्याच खात्यातून फोनने पाठवून पाहा. मग संगणक फोनच्या मोबाइल इंटरनेटला जोडून पुन्हा पाठवा. फोनवरूनही तसाच उशीर होत असेल तर संगणक पुसून उपयोग नाही. माझ्या मैत्रिणीला एवढे जरी कुणी करायला सांगितले असते, तरी ती पत्रे आज तिच्याजवळ असती.

हे सेकंद का महत्त्वाचे, ते सांगते. मेल पाठवणे म्हणजे दोन यंत्रांमधले प्रश्नोत्तर असते. त्याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहिले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). २००८ मध्ये आलेला आरएफसी ५३२१ हा त्याचा पुढचा अवतार. आपला मेल प्रोग्राम आधी सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा आकडी पत्ता, शोधतो. मग त्या पत्त्यावर एका ठराविक पोर्टशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या दाराशी, जोडणी मागतो. हा पोर्ट ५८७ किंवा ४६५ असतो, जुन्या खात्यांत अजून २५ दिसतो. सर्व्हर २२० हा आकडा पाठवून स्वागत करतो. प्रोग्राम आपली ओळख सांगतो, वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून टीएलएसचे कुलूप लागते, पासवर्ड जातो, पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे सांगून होते. सर्व्हरकडून ३५४ आला की मजकूर निघतो, आणि शेवटी २५० आला की मेल स्वीकारला गेला.

यातल्या प्रत्येक पायरीवर थांबायला नियमाने मुभा दिली आहे आणि ती चांगली ऐसपैस आहे. स्वागताच्या २२० साठी प्रोग्रामने ५ मिनिटे वाट पाहावी, सगळा मजकूर गेल्यानंतरच्या शेवटच्या उत्तरासाठी १० मिनिटे. संथ आणि बेभरवशाच्या जाळ्यावरूनही मेल पोचावा, हा त्यामागचा विचार आणि तो योग्यच आहे. म्हणजे आपला प्रोग्राम चार मिनिटे थांबला तरी नियमाने तो चुकत नाही. पण थांबताना त्याने माणसाशी अबोला धरावा, असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. ते प्रोग्राम बनवणाऱ्यांनी ठरवले आहे आणि ते त्यांना बदलता येते.

माझ्याकडे दोन ओळींच्या मेललाही वीसएक सेकंद लागत होते आणि मोठ्या मेललाही सुरुवातीला तेवढेच. बहुतेक मेल प्रोग्राममध्ये लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची वेळेसह नोंद, ठेवण्याची सोय असते. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी असते, पण असते. ती चालू केली. जोडणी मागितल्याची ओळ आणि सर्व्हरच्या २२० ची ओळ यांच्यामध्ये २१ सेकंदांचे अंतर होते. त्यापुढचे सगळे, पासवर्डपासून शेवटच्या २५० पर्यंत, एका सेकंदाच्या आत उरकत होते. म्हणजे पासवर्ड, कुलूप, मेल प्रोग्राम, मजकूर या सगळ्यांवरचा संशय एका नजरेत फिटला. उरल्या दोनच गोष्टी: नावाचा शोध आणि जोडणी. नावाचा शोध 'एनएसलुकअप' या आज्ञेने घेतला तर उत्तर तत्क्षणी आले, आणि त्यात एकाऐवजी दोन पत्ते होते. एक जुन्या पद्धतीचा, चार आकड्यांचा. दुसरा आयपी आवृत्ती ६ चा, लांबलचक.

जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे जगाला मिळून सुमारे ४३० कोटी. ते पुरेनात म्हणून १२८ बिटांचे नवे पत्ते आले. दोन्ही पत्ते मिळाले तर आधी कुठला वापरून पाहायचा याचा क्रम आरएफसी ६७२४ मध्ये २०१२ साली ठरवून दिला आहे आणि सर्वसाधारणपणे त्यात नव्या पत्त्याला पहिला मान आहे. अपग्रेडने माझ्या संगणकावर नव्या पत्त्यांची सोय चालू केली होती. मेल सेवेने आपल्या नावापुढे नवा पत्ता लावलाही होता. पण त्या पत्त्यावर मेल पाठवण्याच्या पोर्टला उत्तर देणारे कुणी नव्हते, आणि मधल्या फायरवॉलला (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याला) नकार न देता गप्प राहायला शिकवलेले होते.

सगळी मेख या गप्प राहण्यात आहे. नकार आला असता तर संगणकाने त्याच क्षणी दुसरा पत्ता धरला असता. उत्तरच येत नाही तेव्हा वाटेत काही हरवले असेल असे समजून तो पुन्हा विचारतो, आणि दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतो. पहिल्यांदा ३ सेकंद, मग ६, मग १२. बेरीज २१. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत हीच साखळी १, २, ४ अशी सुरू होऊन ६४ पर्यंत जाते आणि बेरीज १२७ सेकंद होते. म्हणून मी म्हणते की सेकंद मोजा. दर वेळी नेमका तेवढाच येणारा उशीर हा मंदपणा नसतो. कुणीतरी ठरवून दिलेली मुदत संपत असते, आणि ती मुदत किती आहे यावरून ती कुणाची हे बरेचदा ओळखता येते.

आता 'इंटरनेट चालू आहे ना' या प्रश्नाविषयी. ब्राउझर बनवणाऱ्यांना ही अडचण फार आधी कळली होती. २०१२ च्या आरएफसी ६५५५ मध्ये आणि पुढे २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये त्यावर तोडगा आहे: नव्या पत्त्याकडून पाव सेकंदात उत्तर आले नाही तर लगेच जुन्यालाही विचारायचे आणि जो आधी बोलेल त्याच्याशी काम सुरू करायचे. ब्राउझर हे करतात, म्हणून संकेतस्थळे झटक्यात उघडतात. सगळे मेल प्रोग्राम ते करत नाहीत. संकेतस्थळ उघडते यावरून मेलची वाट मोकळी आहे असा निष्कर्ष निघत नाही. माझे येणारे मेल विनातक्रार येत होते याचेही कारण साधे होते. ते ज्या सर्व्हरवरून येतात त्याचे नाव वेगळे, आणि त्या नावापुढे फक्त जुनाच पत्ता होता.

अशा वेळी 'आयपी आवृत्ती ६ बंदच करून टाका' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तसे केले नाही आणि इतरांनीही करू नये असे मला वाटते, कारण पुढे जी ठिकाणे फक्त नव्या पत्त्यावर असतील ती आपल्याला दिसणार नाहीत आणि तेव्हा आपण काय बंद केले होते ते आठवणारही नाही. जुन्या पत्त्याला पहिला मान द्यावा एवढीच तात्पुरती सूचना सिस्टीमला दिली, तारीख घालून वहीत लिहून ठेवली, आणि मेल सेवेला लॉगच्या त्या दोन ओळी, दोन्ही पत्ते आणि पोर्टचा आकडा असे सगळे पाठवले. आधी 'सिस्टीम नव्याने टाका' म्हणणारे तेच केंद्र. पण या वेळी तक्रार सर्व्हर सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचली, त्या पत्त्यावरचा पोर्ट उघडला गेला आणि मी तात्पुरती सूचना काढून टाकली. दोष कुठे आहे हे दाखवणारी ओळ हातात असली की फोनवरचा माणूसही वेगळ्या रीतीने ऐकतो. त्यालाही बिचाऱ्याला वर काहीतरी पाठवायचे असते.

मैत्रिणीचा उशीर याच्या एक पायरी आधी होता, नावाच्या शोधात. पूर्वी तिच्या संगणकावर नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता कुणीतरी हाताने भरून ठेवला होता. अपग्रेडमध्ये तो गेला आणि संगणक राउटर सांगेल ते पत्ते वापरू लागला. राउटर दोन पत्ते देत होता, त्यातला पहिला कधीचाच बंद पडलेला. प्रत्येक शोध आधी त्या बंद दारावर थांबायचा आणि मग दुसऱ्याकडे जायचा. लिनक्समध्ये अशा एका थांब्याची नेहमीची मुदत ५ सेकंद असते, आणि एका मेलमागे एकाहून अधिक शोध होऊ शकतात. तिचा ब्राउझर नावे शोधायला स्वतःची वेगळी, सुरक्षित वाट वापरत होता, म्हणून तिथे काहीच जाणवत नव्हते. नव्याने टाकलेल्या सिस्टीमनेही राउटरलाच विचारले. राउटरमधला एक आकडा बदलला आणि काम झाले. त्या एका आकड्यापायी तिचा पत्रव्यवहार गेला.

अपग्रेडनंतर फायरवॉलचे वागणे बदलते, तेही पाहण्यासारखे आहे. काही जुन्या वळणाचे मेल सर्व्हर आपण जोडणी केल्यावर उलट आपल्याच संगणकाला पोर्ट ११३ वर विचारतात की जोडणी करणारा वापरकर्ता कोण. ही १९९३ च्या आरएफसी १४१३ मधली पद्धत आहे. आज ती फारशी उपयोगाची राहिलेली नाही, पण काही ठिकाणी चालू आहे. जुनी फायरवॉल या प्रश्नाला नकार देत होती आणि सर्व्हर लगेच पुढे जात होता. नवी फायरवॉल गप्प बसते, आणि सर्व्हर त्याची मुदत संपेपर्यंत स्वागताचा २२० रोखून धरतो. पुन्हा तोच फरक, नकाराचा आणि मौनाचा. अशा वेळी फायरवॉल बंद करू नये. त्या एका पोर्टवर स्पष्ट नकार द्यायला सांगावे. जुना पोर्ट २५ वापरणाऱ्यांनी तर आधी खात्याची सेटिंगच तपासावी. ग्राहकांच्या जोडण्यांवर हा पोर्ट रोखून धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, कारण स्पॅम पाठवणारे त्याचाच वापर करतात. मेल सोपवण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ पासून आहे, आणि २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असलेल्या ४६५ ची शिफारस केली आहे. खाते अपग्रेडबरोबर आपोआप इकडून तिकडे नेले गेले असेल तर त्यात पोर्टचा जुना आकडा तसाच आलेला असू शकतो.

अँटिव्हायरस बाहेर जाणारा मेल मध्येच थांबवून तपासतो. नव्या सिस्टीमवर त्याची जुनी आवृत्ती नीट चालेलच असे नाही. ती अद्ययावत करावी, एवढेच.

माझ्या मेलचा सुरुवातीचा खोळंबा गेल्यावरही मोठी प्रुफे पूर्वीपेक्षा सावकाशच जात होती, आणि इथे मला जे कळले ते फाइली पाठवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. मेलची मूळ व्यवस्था साध्या इंग्रजी अक्षरांसाठी, ७ बिटांच्या मजकुरासाठी होती. फाइली आणि इतर लिप्या तिच्यातून नेण्याचा मार्ग १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' या नावाने घालून दिला. त्यात फाइलचे दर ३ बाइट ४ अक्षरांत लिहिले जातात आणि दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडली जाते. म्हणून १५ मेगाबाइटची पीडीएफ वाटेला लागते ती सुमारे साडेवीस मेगाबाइटची होऊन. हे सगळ्यांनाच लागू आहे आणि अपग्रेडआधीही होते. नवे होते ते पुढचे. मेल गेल्यावर प्रोग्राम त्याची एक प्रत सर्व्हरवरच्या 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ती प्रत तो आपल्या संगणकावरून दुसऱ्यांदा वर चढवतो. तीच साडेवीस मेगाबाइट पुन्हा. वर चढवण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट धरला तर मूळ १५ मेगाबाइटला एक मिनिट लागावे. प्रत्यक्षात एकेचाळीस मेगाबाइट वर जातात आणि पावणेतीन मिनिटे जातात.

काही मेल सेवा पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच 'सेंट'मध्ये टाकतात. तिथे प्रोग्रामने पुन्हा चढवणे निव्वळ वाया, आणि एकाच मेलच्या दोन प्रती दिसतात ते वेगळेच. माझी सेवा त्यातलीच. पूर्वी मी ते काम प्रोग्रामकडून काढून घेतले होते. अपग्रेडबरोबर आलेल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने खाते नव्याने मांडताना ते पुन्हा चालू केले. सेटिंगमधली ती खूण काढली आणि निम्मा वेळ वाचला. ज्यांची सेवा असे करत नाही त्यांनी मात्र ही खूण काढू नये, नाहीतर पाठवलेल्याचा पुरावाच राहणार नाही. एकदा चढवलेला मेल दोन्ही कामांना वापरण्याचा मार्ग २००६ च्या आरएफसी ४४६८ मध्ये सांगितलेला आहे. तो मेल सेवांनी आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांनी मनावर घ्यावा अशी माझी फार इच्छा आहे. ज्यांची जोडणी संथ आहे त्यांचे किती तास त्यातून वाचतील!

वर चढवण्याची वाट अडवणारे आणखीही असतात. अपग्रेडनंतरचे काही दिवस संगणक पडद्यामागे बरेच काही वर पाठवत असतो: फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या प्रती, सेटिंगची नोंद. अनेक घरगुती जोडण्यांत खाली उतरवण्याचा वेग भरपूर आणि वर चढवण्याचा अगदी थोडा असतो. तो थोडा वेग या कामांनी व्यापला की मेल मागे राहतो आणि खाली उतरणाऱ्या गोष्टींवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. कुठला प्रोग्राम किती पाठवतो आहे हे सिस्टीममध्ये पाहता येते. तिथे एकदा नजर टाकावी.

मराठीत लिहिता म्हणून मेल जड होतो, असेही एकाने मला सांगितले. हे मला मनापासून खटकले, म्हणून हिशेब मांडते. देवनागरीचे एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट घेते, आणि मेलमधल्या सगळ्यात खर्चिक रूपात त्याची ९ अक्षरे होतात. दोन हजार चिन्हांचे भरगच्च पत्र त्यामुळे अठरा हजार बाइटचे झाले. सेकंदाला २ मेगाबिट वेगाने ते एका सेकंदाच्या दहाव्या भागातही निघून जाते. कुणीही उशिराच्या भीतीने मराठी पत्र रोमन लिपीत लिहू नये.

लहान मेल जातात आणि मोठे अडकतात, त्या तिसऱ्या प्रकाराचे मूळ बहुतेकदा पाकिटाच्या आकारात असते. जाळ्यावरून माहिती तुकड्यांनी जाते आणि एका तुकड्याची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. काही जोडण्यांत, उदाहरणार्थ पीपीपीओई प्रकारच्या, ८ बाइट वेष्टनात जातात आणि १४९२ उरतात. मोठा तुकडा आला की राउटरने 'लहान करून पाठव' असा निरोप परत द्यायचा असतो. तो निरोप कुठल्या फायरवॉलने अडवला तर संगणक तोच मोठा तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. अपग्रेडमध्ये हाताने ठरवलेली मर्यादा पुसली जाऊन पुन्हा १५०० झाली की हे दुखणे अचानक उपटते. दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का ते पाहणाऱ्या 'पिंग' या आज्ञेला तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइट पाठवून पाहावेत. त्यात २८ बाइटांचे मथळे मिळवले की १५०० होतात. ते जात नाहीत आणि १४६४ जातात, असे दिसले की उत्तर मिळाले. एवढे करूनही मोठे मेल अडखळत असतील तर नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, वळावे. मोठी माहिती तुकड्यांत कापण्याचे काम सिस्टीम कार्डावर सोपवते, आणि ड्रायव्हर सदोष असेल तर फक्त बाहेर जाणारी माहिती अडखळते. कार्ड बनवणाऱ्याचा ताजा ड्रायव्हर घालावा.

संपादक महाशय, हे सगळे प्रत्येक लेखकाने, शिक्षकाने, वकिलाने शिकावे अशी माझी अपेक्षा नाही. मला ते शिकावे लागले कारण माझे काम अडले होते. अपेक्षा आहे ती बनवणाऱ्यांकडून. मेल प्रोग्रामला आपण कुठल्या पायरीवर आहोत हे प्रत्येक क्षणी माहीत असते; लॉगमध्ये तो ते सेकंदासकट लिहितोही. तेच त्याने 'पाठवत आहे'च्या जागी साध्या भाषेत लिहावे: सर्व्हरचे नाव शोधत आहे, अमुक पत्त्याच्या उत्तरासाठी १४ सेकंद थांबलो आहे, फाइल चढवत आहे, 'सेंट'मध्ये प्रत ठेवत आहे. मराठी वापरणाऱ्याला मराठीत. आणि सिस्टीम अपग्रेड करणाऱ्यांनी काम संपल्यावर एक पान समोर ठेवावे, ज्यात नाव शोधणारे सर्व्हर, फायरवॉल, पत्त्यांचा क्रम, नेटवर्कचा ड्रायव्हर यांत आधी काय होते आणि आता काय आहे हे लिहिलेले असेल. मला अपग्रेडनंतर नव्या पार्श्वचित्रांची ओळख करून देण्यात आली. फायरवॉलबद्दल एक ओळ आली नाही.

मदतकेंद्रांनी पुसण्याचा सल्ला देण्याआधी काही प्रश्न विचारणे बंधनकारक असावे. उशीर लहान आणि मोठ्या मेलला सारखाच आहे का? फोनवरून त्याच वायफायवर तसेच होते का? आणि मेल पॉपने येतो की सर्व्हरवरच प्रत ठेवणाऱ्या आयमॅपने, म्हणजे पुसल्यावर काय कायमचे जाईल? शेवटचा प्रश्न तर सगळ्यांत आधी. नवा पत्ता आपल्या नावापुढे लावणाऱ्या मेल सेवांनी त्या पत्त्यावरचा प्रत्येक पोर्ट बाहेरून तपासावा. नुसते संकेतस्थळ उघडते का एवढे पाहून थांबू नये.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानाला माझी एक विनंती आहे. त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी आणि तिच्यात मेलचे स्थानिक फोल्डर कसे शोधायचे व त्यांची प्रत कशी काढायची हे आधी द्यावे, मग उशीर मोजण्याची रीत. अपग्रेड करायला निघालेल्या वाचकांनी ते पान अपग्रेडच्या आधी वाचायला हवे, तेव्हा ते लवकर यावे.

कळावे,
आपली नम्र,
पुस्तकांची अक्षरजुळणी करणारी एक वाचक